गौराबाईचं ताठ बोट

गौराबाईच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वाकत नसे. दहिवलीच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला असलेल्या तिच्या गावात या एका बोटाचा जो दरारा होता, तो पोलीसपाटलाच्या काठीलाही नव्हता.

बोट जन्मापासून तसं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच भातकापणीत विळा घसरला आणि बोटाला खोल लागला. गावात हाडं बसवणारा कमळ्या होता. त्याने पाला ठेचून लावला, बांबूची कामटी बांधली आणि बजावलं, "मी यून सोडीन. तवर कुनी हात लावायचा नाय." मग तो माथेरानला रिक्षा ओढायला गेला, तो पाऊस तोंडावर आल्यावर परतला. गौराबाईने तोवर कामटी सोडली नाही. सुनेने आयुष्यात कुणाचं शब्दाबरहुकूम ऐकलं ते एवढंच, असं तिची सासू मरेपर्यंत सांगत असे. कामटी निघाली तेव्हा आतलं बोट कामटीसारखंच झालं होतं.

त्यानंतर गौराबाईने काहीही करायला घेतलं की बोट आपलं पुढे. भाकरी थापताना ते परातीबाहेर राही. चहाची बशी धरली की समोर बसलेल्याच्या छातीवर रोखलं जाई, आणि तो बिचारा सरकून बसे. भांडणात तर तिला वेगळं काही करावंच लागत नसे.

आता हे कुठल्याही गावात चाललं असतं. पण या गावात भात उचललं की सगळे नदीच्या मळईत भाजी लावत. मळई म्हणजे पूर ओसरल्यावर काठाला उरणारी गाळाची जमीन. दरवर्षी गावकी बसून तिचे घरटी वाटे पाडी, आणि उन्हाळाभर तिथे भोपळे, काकड्या, शिराळी यांचे वेल पसरत. आणि वेलांच्या बाबतीत गावात एक नेम होता. नुकत्या धरलेल्या कोवळ्या फळाकडे बोट करायचं नाही. केलं की ते पिवळं पडतं, सडतं आणि गळतं. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून, आकड्यासारखं करून दाखवायचं. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकत. म्हणजे गावातल्या प्रत्येकाला बोट वाकवता येणं भाग होतं, आणि नेमकं गौराबाईला ते येत नव्हतं.

दुसरी कुणी असती तर पदराखाली हात लपवून जगली असती. गौराबाई बांधावरून चालताना मुद्दाम थांबे. आबाजी हा गावकीचा म्होरक्या, मोठा करारी माणूस, पण त्याच्या वाडीपाशी ती उभी राहिली की त्याच्या हातातलं फावडं ढिलं पडे.

"आबाजी, यंदा काकडी झ्याक धरली हाय रं," ती म्हणे. "ती बघ कवली, ती तिकडची..." आणि हात हळूहळू वर येऊ लागे.

"ऱ्हाऊ दे गं बाय, ऱ्हाऊ दे," म्हणत आबाजी धावे आणि त्यातल्या त्यात मोठी काकडी तिच्या हातात कोंबे. हात गुंतला की बोट खाली. नदीकाठाने एक फेरी मारली की गौराबाईचा ओचा भरलेला असे, आणि ती घरी येऊन एकटीच हसत बसे.

तिला यात मजा येई, हे तर झालंच. पण नवरा नागू गेल्यापासून त्या मजेला आणखी एक आधार आला होता. रांडाव बाई समोर आली की लोक वाट बदलतात. हिच्या हातात आधी काकडी ठेवत आणि मग वाट बदलत. पोरगी शकू कुंभिवलीला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. मळईतला आपला वाटा आणि हे बोट, एवढ्यावर गौराबाईचं बरं चाललं होतं.

बोटात खरंच काही आहे का, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या स्वतःच्या वेलांसमोर बोट रोज नाचे आणि तिचे भोपळे सगळ्यांत थोराड होत. पण आपली नजर आपल्या पोराला लागत नाही, तसंच काहीसं असेल, असं ती धरून चालली होती. खोलात गेली नाही. खोलात जाण्यात तिचा काही फायदा नव्हता.

कोयनेचा भूकंप झाला त्यानंतरच्या माघात शेजारच्या वाट्यावरच्या कोंडाजीने लेकीचं लग्न काढलं. कोंडाजी नागूचा भावकीतला धाकटा भाऊ, तेव्हा गौराबाई त्याची वहिनी. माणूस कष्टाळू, पण मान कुठे कमी पडतो का हे सारखं तपासणारा. मांडव घातला तो नदीच्या बाजूला, थोरल्या उंबराजवळ. त्या उंबराच्या ढोलीत मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. मांडवामागे आचाऱ्याने बुंदीचा पाक चढवला आणि माश्यांना आमंत्रण न देताच कळलं. कुंभिवलीचे व्याही भलत्या रुबाबात येऊन बसले, सरबताचा पेला तोंडाला लावला, आणि पेल्याच्या काठावरच्या माशीने त्यांच्या वरच्या ओठाला डंख केला.

ओठ बघता बघता नाकाला टेकला. व्याही रागावून बोलायला लागले, पण त्या ओठातून निघणारा एक शब्द कुणाला समजेना. बायका पदर तोंडात धरून उभ्या होत्या. गौराबाईने पदरबिदर काही धरला नाही. ती खदखदून हसली, आणि हसताना तिचा हात वर गेला, आणि बोट व्याह्यांच्या ओठावर.

"इंदू, बघ गं," ती कोंडाजीच्या बायकोला म्हणाली, "यंदाचा पयला भोपला तुज्याच मांडवात धरला."

सगळा मांडव हसला. व्याही रुसले ते जेवायला बसेनात. त्यांची समजूत घालायला कोंडाजीने पेंढ्याची चूड पेटवून उंबराच्या ढोलीत खुपसली, वर रॉकेल ओतलं, आणि पोळं जाळून टाकलं. तेव्हा कुठे व्याह्यांनी पहिला घास त्या ओठाखालून आत सरकवला.

त्याच सुमाराला कोंडाजीनेच कर्जतहून पावडरचं पोतं आणलं होतं. वेलाची पानं खाणारे तांबडे भुंगेरे तिने पटापट मरत. सगळ्या गावाने त्याच्याकडून ती नेली आणि रोज सकाळी फडक्याच्या पुरचुंडीने वेलांवर झटकली. पानं हिरवीगार झाली, फुलं भरभरून आली. फुलं उमलत, मादी फुलांच्या बुडाशी गोळीएवढा भोपळा दिसे, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळे. आज याच्या वाडीत, उद्या त्याच्या. सगळी मळई फुलली होती आणि धरत काही नव्हतं.

गळालेल्या कोवळ्या भोपळ्यांकडे बघून गावाला एकच गोष्ट आठवली. गावदेवीच्या देवळापुढे गावकी बसली.

"वयनींनी माज्या मांडवात हात वर केला," कोंडाजी म्हणाला. "भोपल्याचं नाव घेऊन बोट रोखलं. सगल्यांनी बघितलं हाय. त्या दिसापासून मलईत फल टिकंना."

"गौराबाय, खरं का?" आबाजीने विचारलं.

"बोट व्याह्यांवर रोखलं," गौराबाई म्हणाली. "व्याही काय वेलाला लागलेले व्हते?"

दोघे-तिघे हसले. पण हसणाऱ्यांच्याही वाड्या गळत होत्या, त्यामुळे हसू टिकलं नाही. आणि मग एकेकाला आपली काकडी आठवू लागली. अमक्या साली हिने बांधावरून हात उचलला होता, तमक्या साली काकडी द्यायला उशीर झाला होता. गौराबाईने हौसेने पेरलेली भीती गावाने जपून ठेवली होती, ती आता सगळी एकदम बाहेर आली. तिला सांगावंसं वाटलं की अरे, ती थट्टा होती. पण तसं ती म्हणाली असती तर पहिला प्रश्न आला असता की थट्टा होती तर आमच्या काकड्या कशा घेतल्यास.

ठरलं ते असं. हंगाम सरेपर्यंत गौराबाईने मळईत पाऊल टाकायचं नाही. तिच्या वाट्याला कोंडाजीचा पुतण्या गजा पाणी घालील. ती लांब राहिल्यावर वेल धरू लागले तर खोट कुणाची ते उघडच झालं, मग पुढल्या सालापासून तो वाटा गजाचा.

"आन मी काय खाऊ?" गौराबाईने विचारलं.

"शकूकडं जा की," कोंडाजी म्हणाला. "लेकीचं घर काय परकं हाय?"

लेकीचं घर परकं नसेल, पण जावयाचं होतं. जावयाच्या ओसरीवर बसून त्याच्या आईच्या हातचा चहा पीत दिवस काढायचे, आणि बशी धरली की बोट विहिणीवर. गौराबाई घरी आली, चूल पेटवली नाही, आणि भिंतीला टेकून त्या बोटाकडे बघत राहिली. पहिल्यांदाच तिला त्याची भीती वाटली. खरंच यात काही असेल तर सगळ्या गावाच्या तोंडचा घास आपण काढला, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

रडू फार वेळ टिकलं नाही, कारण मागोमाग राग आला. राग कोंडाजीचा. आणि रागाबरोबर विचार आला तो असा, की बोटात काही असेलच तर मग ते फुकट का घालवायचं.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तशी ती नदीच्या अंगाने कोंडाजीच्या वाडीत शिरली. गाव अजून गोठ्यात होतं. भोपळ्याची फुलं नुकती उघडत होती, ताटलीएवढी पिवळीधमक. लांबून बोट दाखवून तिचं समाधान होणार नव्हतं. तिने वाकून पहिल्या फुलाच्या तोंडातच बोट घातलं, बुडापर्यंत, आणि चांगलं फिरवलं.

"घे मेल्या," ती म्हणाली. "आता खरंच दाखवते."

मग दुसऱ्या फुलात, मग तिसऱ्या. लांब देठाचं रिकामं फूल असो की बुडाशी भोपळा असलेलं, तिने भेदभाव केला नाही. तिला सगळा वेलच नासवायचा होता. प्रत्येक फुलाला ती वेगळी शिवी देत होती, आणि शिव्या तिच्याकडे पुष्कळ होत्या. उन्हं यायच्या आत एक-दोन ओळी संपवून ती आली तशी निघून गेली. घरी येऊन तिने पेज प्यायली आणि तिला शांत झोप लागली.

चार-पाच दिवस ती रोज गेली. जाताना एका गोष्टीचं तिला नवल वाटे, की कुंपणाचं काटेरी झाप रोज थोडं उघडंच असतं. कोंडाजीचा निष्काळजीपणा, असं म्हणून ती आत शिरे.

मग एका सकाळी तिने पहिल्या दिवशीच्या वेलांकडे पाहिलं आणि वाकून पानं बाजूला सारली. गोळीएवढे भोपळे लिंबाएवढे झाले होते. एकही पिवळा नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या ओळीत तेच. जिथे जिथे तिने मन लावून वाटोळं केलं होतं तिथे तिथे कोंडाजीचं भलं झालं होतं, आणि ज्या टोकाला ती अजून पोचली नव्हती तिथे आपलं नेहमीसारखं गळत होतं.

एवढा अपमान तिला गावकीतही वाटला नव्हता. तिने उरलेल्या ओळीला दुप्पट शिव्या दिल्या. तीही धरली.

गावात कोंडाजी छाती काढून फिरू लागला. "बघा," तो म्हणे, "वयनींचं पाऊल थांबलं आन माजी वाडी धरली." बाकीच्यांच्या का धरत नाहीत, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "ज्याच्या शेजारी बोट व्हतं त्याला आधी गुन येनार." ते ऐकून लोक माना डोलवत. गौराबाईच्या वाट्याला गजा पाणी घालत होता आणि तिथे काहीच धरत नव्हतं, पण त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

अशाच एका दुपारी गौराबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सुपातले तांदूळ पिवळे दिसायला लागले म्हणून तिने बोट पुसलं, तर पदर पिवळा झाला. सकाळच्या फुलातली भुकटी बोटाला धरून बसली होती. तिने ती चिमटीत घासून पाहिली आणि तिला भोपळ्याच्या फुलातून बाहेर पडणारी मधमाशी आठवली. अंगाला हळद फासल्यासारखी माखलेली, या फुलातून त्या फुलात जाणारी. लहानपणापासून हजारदा पाहिलेली. आणि मग तिला उमगलं की यंदा ती कुठेच पाहिली नाही. मळईत सकाळी जी गुणगुण असायची ती नव्हती. इतके दिवस ती रोज त्या वाडीत आपल्याच शिव्या ऐकत होती, कारण दुसरा आवाजच नव्हता.

पोळं उंबरात जळालं होतं. चुकूनमाकून दुसरीकडून कुणी माशी आलीच तर सकाळी फुलं उघडी असतानाच तिच्यावर पावडर पडत होती.

ती दुसऱ्या सकाळी गावकीचा हुकूम मोडून स्वतःच्या वाट्यात गेली. एका वेलाच्या फुलांत बोट फिरवलं, शेजारचा वेल तसाच ठेवला. चार दिवसांनी जाऊन बघितलं. एक धरला होता, एक गळाला होता. गौराबाई बांधावर बसून इतकी हसली की नदीवर पाणी भरणाऱ्या सोनाबाईने घागर टाकून गाव गाठलं आणि गौराबाय बिघडली म्हणून सांगितलं.

हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पुरत्या अडकलो आहोत. कोंडाजीचे भोपळे आपण धरवले हे सांगायचं, तर रोज त्याच्या वाडीत चोरून का जात होतो हेही सांगावं लागेल. आणि न सांगावं, तर वाटा गजाचा.

गावकी पुन्हा बसली. कोंडाजी मांडीवर नातू घ्यावा तसा एक भोपळा घेऊन आला होता. तो त्याने मध्ये ठेवला आणि म्हणाला, "आता आनकी काय पुरावा पायजे?"

"भावजी," गौराबाई उठून म्हणाली, "त्यो भोपला माजा हाय."

कोंडाजीने भोपळ्यावर हात ठेवला.

"मी रोज सकालची तुमच्या वाडीत येत व्हते. एकेका फुलात ह्ये बोट घातलं. माशी करायची ते काम माज्या बोटानं झालं, म्हनून फल धरलं. माशी तुमी जालली. उरलेली पावडरीनं गेली."

"माजी वाडी पिकवायला तुमी पहाटंच्या उठून येत व्हता?" कोंडाजी हसला. "येवडी माया?"

"माया कसली आलीय," गौराबाई म्हणाली. "तुमचं वाटोलं करायला येत व्हते. झालं उलटं. त्याला मी काय करू?"

आता सगळेच हसले. आबाजीने हात वर करून त्यांना थांबवलं, पण त्याच्याही चेहऱ्यावर अविश्वास होता. बोट लागलं आणि फळ धरलं, हे त्या गावात पाणी वर वाहिलं म्हणण्यासारखं होतं. कोंडाजी म्हणाला की वयनी वाटा वाचवायला वाटेल ते बोलतील. गजा म्हणाला की मी रोज मळईत असतो, मला ही काकाच्या वाडीत कधी दिसली नाही. गौराबाई उभीच राहिली. बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि तिला समोर कुंभिवलीची ओसरी दिसू लागली होती.

"मला दिसत व्हती," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

इंदूबाई. कोंडाजीची बायको. चारचौघांत ती बोलते हेच पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

"पयल्याच दिशी बघितली. वरडनार व्हते. पन ती एकेका फुलाला काय काय बोलत व्हती, ते ऐकत ऱ्हायले." ती थांबली, कारण तिला हसू येत होतं. "मग बघते तर जिथं तिचं बोट लागलं तिथंच धरलं. मग मी रोज झाप उघडं ठेवाया लागले."

कोंडाजी बायकोकडे बघतच राहिला. "आन मला बोलली नाय?"

"तुमाला बोलले असते तर तुमी झाप बंद केलं असतं."

"मला तरी सांगायचं गं," गौराबाई म्हणाली. तिला खरंच लागलं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस," इंदूबाई म्हणाली. "तुला राग व्हता म्हनून तू येत व्हतीस. बाय, वाईट नको वाटून घेऊ, पन आमचं बिऱ्हाड तुज्या रागावर चाललंय."

कोंडाजीने पुढे वाकून आपला भोपळा उचलला, मग कुणाचा म्हणून उचलावा ते न कळून परत खाली ठेवला. आबाजीने वाटा गौराबाईचाच राहील असं सांगितलं आणि त्याच दमात, जरा खाली बघत, उद्या सकाळी आमच्या वाडीत येशील का, असं विचारलं.

मग गौराबाईचे दिवस आले. ज्यांनी तिला मळईतून काढलं होतं ते फटफटायच्या आधी तिच्या दारात उभे राहू लागले. तिने ते पुरेपूर भोगलं. आबाजीला तिने आपल्यामागून पाण्याचा तांब्या घेऊन चालायला लावलं. काकडी द्यायला झालेला उशीर ज्याला गावकीत आठवला होता, त्याच्या वाडीत ती सर्वांत शेवटी गेली, आणि त्याची फुलं मिटता मिटता राहिली. लोक हात जोडत आणि ती म्हणे, "बोट नको दाखवू म्हनत व्हतास ना रं?" या दिवसांत तिच्यापेक्षा सुखी बाई सगळ्या तालुक्यात नसेल.

पण मळई मोठी आणि बोट एक. फुलं पहाटे उघडत आणि ऊन चढलं की मिटत. कंबर धरली, पाठ बोलू लागली, आणि निम्म्या वाड्यांत ती पोचेपर्यंत वेळ निघून जाई. उंबरातल्या माश्या हे काम कुणाच्या नकळत करत होत्या, सगळ्या मळईभर, आणि त्यांना कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नव्हता. हे तिला आता पाठीतून समजत होतं, आणि तिला त्या जळालेल्या पोळ्याचं मनापासून वाईट वाटलं.

डोंगरावरून मध विकायला येणाऱ्या पोशाला तिने उंबराची ढोली दाखवली. माश्या आणून दे म्हणाली. पोशाने आत हात घालून काजळी बघितली आणि मान हलवली. "माशी बोलावून येत नाय. ढोली धुवा, आग लावू नका, फुल उघडं असताना पावडर मारू नका. मग तिच्या मनात आलं तर यील." तिच्या मनात यायला पुढचं संपूर्ण वर्ष गेलं.

तोवर काय करायचं, ते गौराबाईने एका संध्याकाळी देवळापुढे सांगितलं. फुलं मिटल्याशिवाय पावडर नाही. आणि उद्यापासून ज्याने त्याने आपल्या वाडीत आपलं बोट घालायचं.

सगळ्यांनी आपापली बोटं मुठीत आवळली. मुलाबाळांना कोवळ्या फळाकडे बोट करू नको म्हणून फटके देणारी माणसं ती. त्यांना भोपळ्याच्या तोंडात बोट घाल म्हणणं म्हणजे देवाच्या अंगावर पाय ठेव म्हणण्यासारखं होतं.

"माजं बोट एक हाय," गौराबाई म्हणाली. "तुमाला धा-धा हायत, ती बी वाकनारी."

तिला ठाऊक होतं की हे सांगून आपण आपलं राज्य सोडतो आहोत. एकदा सगळ्यांची बोटं फुलांत गेली की तिच्या बोटाला पुन्हा कुणी भिणार नव्हतं, आणि बांधावरून रिकाम्या ओच्यानेच यावं लागणार होतं. तिला त्याची हळहळ वाटली. पण वाड्या गळताना बघणं तिला त्याहून जड गेलं.

दुसऱ्या दिवशी उल्हासच्या काठाला जे दिसलं ते त्या गावात आधी कधी दिसलं नव्हतं. सगळं गाव ओणवं होऊन फुलांवर बोटं रोखून उभं होतं. म्हाताऱ्या माणसांनी आधी सवयीने बोट वाकवलं, मग इकडेतिकडे बघून सरळ केलं. सोनाबाईने डोळे मिटून घेतले. काकडीच्या फुलात बोट मावेना, तिथे करंगळीने काम भागवलं. आबाजीने पहिल्या फुलात बोट घातलं आणि काही होत नाही असं बघून दुसऱ्यात घातलं, मग त्याला त्यात गोडी लागली.

कोंडाजीची वाडी तर धरलेलीच होती, त्यामुळे तो बांधावर मोकळा उभा होता. गौराबाईने त्याला हाक मारली आणि आपल्या वाट्यात आणलं. दोन महिन्यांपूर्वी जो वाटा तो पुतण्यासाठी मागत होता, तोच.

"माजी कंबर धरली भावजी," ती म्हणाली. "ह्यो वेल तेवढा तुमी करा."

कोंडाजी खाली बसला. समोर फूल उघडं होतं, बुडाशी गोळीएवढा भोपळा. त्याने बोट पुढे नेलं आणि ते वाटेतच थांबलं. बांधापलीकडे इंदूबाई काम थांबवून बघत होती. आबाजी बघत होता, गजा बघत होता.

"वयनी," कोंडाजी हळूच म्हणाला, "आन सडला तर?"

"सडला तर गावकी बसवू भावजी," गौराबाई म्हणाली. "तुमच्या बोटाचं काय करायचं त्यो इचार करू. लेकीचं घर तर तुमाला बी हाय, माज्याच शकूच्या गावात."

कोंडाजीने तिच्याकडे वर पाहिलं. ती हसत नव्हती. त्याने मान खाली घातली, बोट सरळ केलं, आणि फुलात घातलं.